बारनिशीपासून सभागृहापर्यंत : निवेदनाचा मागोवा

जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत किंवा धुळ्याच्या महापालिकेत टपालाच्या खिडकीशी एक कागद रोज येतो. वर डाव्या कोपऱ्यात ‘प्रति, मा. आयुक्तसो’. त्याखाली ‘विषय : आमच्या वस्तीत पाणी मिळत नसलेबाबत’. मग ‘महोदय, वरील विषयान्वये विनंती की’ अशी सुरुवात, दोन-तीन परिच्छेद, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असा इशारा आणि मागच्या पानांवर सह्या. काही सह्या शाळकरी वळणाच्या, काही मोबाइल क्रमांकासह, मधूनमधून निळ्या शाईचे अंगठे. खिडकीतला कर्मचारी कागद बारनिशीत नोंदवतो, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून तारीख टाकतो आणि ती पोच परत देतो. मंडळाचे लोक बाहेर पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते : ‘नागरिकांचे आयुक्तांना निवेदन’.

बहुतेक निवेदनांचा प्रवास इथेच संपतो. कागद खात्याकडे जातो, खात्यातून अभियंत्याकडे, तिथे त्यावर शेरा पडतो आणि तो फाइलला लागतो. ज्या महासभेत शहराचा पैसा कुठे जायचा ते ठरते, तिथे तो पोहोचतच नाही.

हा कागद मात्र मोठ्या घराण्यातला आहे. त्याच्या पूर्वजांनी तळी खुली केली, शाळांसाठी पैसा मागितला, सरकारला चौकशी समित्या नेमायला लावल्या. त्यांच्यात काय होते आणि आजच्या कागदातून काय गळून गेले, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

खानदेशात नगरपालिका आल्या त्या १८६० च्या दशकात. धुळ्याची १८६२ ची, जळगावची १८६४ ची. धुळे हे जिल्ह्याचे ठाणे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने कारभारासाठी ते निवडले आणि जुन्या धुळ्याच्या शेजारी सरळ रेषेत नवी पेठ वसवली. जळगाव वाढले रेल्वे आणि कापसावर. दोन्ही गावांत पालिकेचे काम म्हणजे रस्ते, दिवे, गटारी आणि पाणी. कारभार चालवत ते सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित. सामान्य माणसाला या कारभाराशी बोलायचे तर एकच वाट होती, अर्ज. अर्जनवीसाकडून लिहून घ्यायचा, हाकिमापुढे ठेवायचा आणि हुकमाची वाट पाहायची. त्यात अर्जदार एकटा असे, आणि मिळाले तर कृपा म्हणून मिळे.

या अर्जाला पहिला मोठा फाटा फुटला तो पुण्यात. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे फुल्यांनी सुचवले. बत्तीस सदस्यांच्या सभेत विरोधात मत देणारे ते एकटेच होते. त्याच वर्षी पुण्यात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी पालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. मतदानात ते हरले. पण त्या विरोधाची नोंद झाली आणि म्हणूनच आज आपण त्याबद्दल बोलू शकतो. सभागृहात हरलेले मतही कागदावर उतरले तर पुढच्या पिढ्यांचे हत्यार होते.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. आजच्या निवेदनाचा खरा मूळ पुरुष मी त्यालाच मानतो. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधी लिहिणारा कोण, त्याचा अनुभव काय, त्याने कोणत्या शाळा चालवल्या, हे येते. मग हिशेब येतो : सरकारी तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यानंतर एकेक मागणी, ती कोणी पुरी करायची हे सांगून. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, हीही त्यातली एक. गाऱ्हाण्याला त्यांनी हिशेबाची जोड दिली आणि कोणाच्या पैशातून कोणाची सोय होते हा प्रश्न मध्यभागी आणून ठेवला. समतेचा प्रश्न सभागृहात मांडण्याची रीत महाराष्ट्रात इथे घडली.

त्याच सुमारास लॉर्ड रिपनचा १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला. १८८४ च्या मुंबई कायद्याने पालिकांत निवडून आलेल्या सदस्यांना जागा मिळाली. पण मताचा हक्क कर भरणाऱ्यांना आणि मालमत्ता असणाऱ्यांना. भंगीकाम करणारे, चामडे कमावणारे, गावकुसाबाहेर राहणारे या यादीत जवळजवळ नव्हतेच, बायका नव्हत्या. शहराची घाण ज्यांच्या डोक्यावरून जात होती, त्यांचा त्या शहराच्या कारभारात शब्द नव्हता. १९०६ मध्ये खानदेशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली, जळगाव आणि धुळे अशी दोन मुख्यालये झाली. दरवाज्यांची संख्या वाढली, पण आत जाणारे तेच राहिले.

मग विसाव्या शतकात निवेदनाच्या शेजारी एक नवे साधन उभे राहिले : ठराव. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपल्या सभेत ठराव करून चवदार तळे खुले केले. सभागृहाने शब्द दिला. पण तीन वर्षे त्या शब्दाचे पाणी झाले नाही. १९२६ मध्ये बोल्यांनी पुढचे पाऊल टाकले : जी पालिका हे पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान रोखा. ठरावाला पैशाची गाठ मारली तरच ठराव चालतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला महाडच्या पालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या इतिवृत्तात हक्क लिहिला होता, त्याच इतिवृत्तात तो खोडला गेला. मग लढाई न्यायालयात गेली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

महाडने पुढच्या सर्वांना धडा घालून दिला. पालिकेचा ठराव मिळवणे ही अर्धी लढाई. उरलेली अर्धी म्हणजे ठरावावर पाळत ठेवणे. तो अमलात येतो का, त्याला पैसा लागतो तो दिला का, पुढच्या सभेत तो गुपचूप फिरवला जात नाही ना, हे पाहणारे कोणीतरी रोज असावे लागते.

त्या निकालानंतर चार महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ ला, बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले. लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात ते थांबले. आजही दर ३१ जुलैला खानदेशभरातून लोक त्या बंगल्याशी जमतात. हक्क मागताना न्यायालयाची, सभागृहाची आणि रस्त्याची अशा तिन्ही वाटा एकाच वेळी चालवाव्या लागतात, हे खानदेशातल्या कार्यकर्त्यांनी त्या पिढीकडूनच घेतले.

स्वातंत्र्यानंतर निवेदनाला चौकशी समितीची जोड मिळाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. मैला कसा काढला जातो, कशात वाहिला जातो, कामगार राहतात कुठे, पगार किती, हे पालिकापालिकांत पाहून लिहिले गेले. पुढे केंद्र सरकारने त्यातल्या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या. नंतरच्या काळात लाड-पागे समितीने सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची शिफारस केली. आज धुळ्यात किंवा जळगावात सफाई कामगारांची संघटना निवेदन घेऊन येते, तेव्हा ‘लाड-पागे’ हे दोन शब्द त्यात असतातच. वर्षानुवर्षे टिकलेल्या मागणीच्या मागे नेमकेपणा असतो : कोणती समिती, कोणता शासन निर्णय, कोणता कामगार, किती वर्षे सेवा.

खानदेशातली निवेदनाची खरी शाळा मात्र रस्त्यावर भरली. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो खानदेश आणि मराठवाड्यात जोरात होता. १९६४ मध्ये तो देशव्यापी झाला तेव्हा पंतप्रधानांपुढे दहा मागण्यांची सनद ठेवली गेली. क्रमांक घातलेल्या, मोजता येणाऱ्या मागण्या. कोणती मान्य झाली, कोणती राहिली, हे साध्या माणसालाही सांगता येईल अशा. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासी भूमिहीनांना उभे केले. १९७८ मध्ये धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि जात व वर्ग हे दोन्ही एकत्र धरल्याशिवाय लढा पुरा होत नाही, असे मांडले.

या चळवळींनी खानदेशाला मोर्चाची सवय दिली. जळगावात शिवतीर्थ मैदानावर जमायचे, धुळ्यात क्युमाइन क्लबाजवळ धरणे धरायचे, मग शिष्टमंडळ आत जाणार आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देणार. जमीन, वनहक्क, मजुरी, रेशन हे प्रश्न महसुलाचे, म्हणून पत्ताही जिल्हाधिकाऱ्यांचा. ते योग्यच होते. पण त्यातून एक सवय अशीही लागली की शहरातल्या वस्तीचा नळ, गटार, शौचालय यांचे निवेदनही आपण जिल्हाधिकाऱ्यांकडेच नेतो. तिथे ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ महापालिकेकडे पाठवले जाते आणि फिरून त्याच खिडकीत येते. दरम्यान नगरपालिकेचा कारभार ठेके, गटबाजी आणि कर्ज यांच्या हातात राहिला.

त्याची किंमत जळगावने फार मोठी मोजली. झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी सुमारे अकरा हजार घरांची घरकुल योजना नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतली. कागदावर ती गरिबांचीच योजना होती. पण बरीच घरे अर्धवट राहिली. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांच्या तक्रारीवरून गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री, माजी नगरसेवक अशा ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. हुडको या सरकारी गृहवित्त संस्थेच्या कर्जापायी महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली होती. ज्यांच्या नावावर योजना होती त्या वस्त्यांतला एकही माणूस ठरावाचा गोषवारा, ठेकेदाराच्या अटी, जागेची मालकी, दिलेले आगाऊ पैसे यांकडे पाहायला त्या सभागृहाच्या आसपास नव्हता. गरिबांसाठीचा निर्णय गरिबांच्या गैरहजेरीत झाला की गरिबांचे नाव फक्त ठरावाच्या वरच्या ओळीत राहते. माझ्या मते खानदेशातल्या प्रत्येक वस्ती मंडळाने ही गोष्ट आपल्या पोरांना शिकवावी.

आता कायद्याने उघडलेले दरवाजे पाहू. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांचा वाटा अर्धा केला. २००३ मध्ये जळगाव आणि धुळे दोन्ही महानगरपालिका झाल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजार भरली. म्हणजे लोकसंख्येच्या अटीप्रमाणे दोन्ही शहरांना प्रभाग समित्या लागू. महापालिका कायद्याच्या कलम २९-अ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी मंडळांचे लक्ष आहे. प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक तर असतातच. त्यांच्याशिवाय तिथे समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी आणि लोकाधारित संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. म्हणजे बचतगटांचा संघ, वस्ती विकास मंडळ, दिव्यांगांची संस्था यांना कायद्याच्या खुर्चीवर बसता येते. ही नेमणूक नगरसेवक करतात, म्हणून ती बहुधा कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी वापरली जाते. पण मागितलीच नाही तर मिळणार कशी? २००९ मध्ये त्याच कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. तीही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

माहितीचा अधिकार २००५ चा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातही एक तृतीयांश महिला, असे ठरवले. जळगावच्या फुले मार्केटभोवती टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला या कायद्याने समितीवर निवडून येण्याचा हक्क दिला आहे. शासनाच्या आदेशांप्रमाणे पालिकांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, महिला व बालकल्याणासाठीही वेगळा वाटा ठेवायचा असतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

एवढे दरवाजे असूनही महासभेत सामान्य माणसाला बोलता येत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. अमेरिकेतल्या अनेक शहरांत परिषदेच्या बैठकीत नागरिक उठून दोन-तीन मिनिटे आपले म्हणणे मांडू शकतो आणि ते नोंदले जाते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग लोकांच्या सभांत ठरवायला सुरुवात केली आणि त्याचा फायदा गरीब वस्त्यांच्या पाण्याला आणि गटारांना झाला. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. आपल्या कायद्यात महासभा लोकांना खुली आहे, पण प्रेक्षक म्हणून. बोलणार तो नगरसेवक. त्यामुळे मंडळाला आपला प्रश्न नगरसेवकाच्या तोंडी आणि नगरसचिवाच्या कागदावर घालावा लागतो. आजच्या निवेदनाची सगळी कसोटी इथे आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. धुळ्याला तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव, अक्कलपाडा असे स्रोत आहेत. जळगावचे पाणी वाघूर धरणातून येते. दोन्ही शहरांनी पाणी काही दिवसांआड सोडण्याचा काळ वर्षानुवर्षे भोगला आहे. वेळापत्रक वरवर समान दिसते : या भागाला आज, त्या भागाला उद्या, प्रत्येकाला तेवढेच तास. पण ज्या बंगल्याला जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी आणि मोटर आहे, तो त्या तासांत चार दिवसांचे पाणी भरून ठेवतो. पत्र्याच्या खोलीत दोन ड्रम आणि पाच कळश्या मावतात. शेजारच्या मोटरने लाइन ओढली की गल्लीच्या टोकाच्या नळाला हवा येते. वेळ समान आणि पाणी असमान. ‘आमना गल्लीमा पानी काबर येत नही?’ हा वस्तीतल्या बाईचा प्रश्न खरा आहे. पण सभागृहात पोहोचायचा तर त्याला आकड्यांचे पाय लावावे लागतात.

ते पाय वस्तीतच तयार होतात. एका गल्लीतल्या बायकांनी पंधरा-वीस दिवस एका वहीत तीन रकाने भरावेत : पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, ठराविक मापाची बादली भरायला किती मिनिटे लागली. तीच नोंद शेजारच्या कॉलनीतल्या एखाद्या ओळखीच्या घरी ठेवावी. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : त्या भागाचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, जलवाहिनीचा व्यास दाखवणारा नकाशा आणि गेल्या तीन अंदाजपत्रकांत त्या प्रभागासाठी पाण्याच्या लेखाशीर्षाखाली धरलेली तरतूद व प्रत्यक्ष खर्च. हे हाती आले की निवेदनाचा सूर बदलतो. ‘पाणी द्या’च्या जागी ‘अमुक चौकापासून तमुक गल्लीपर्यंतची जलवाहिनी बदलण्यासाठी अमुक लेखाशीर्षात तरतूद करावी, आणि तोवर या भागाला जादा वेळ किंवा साठवण टाकी द्यावी’ असे लिहिता येते. फुल्यांनी हंटर आयोगापुढे केला तोच हिशेब इथे वस्तीच्या पातळीवर उतरतो.

पुढची पायरी सभागृहाची. आपल्याकडे एका प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून निवेदन सर्वांना स्वतंत्र द्यावे, पोच घ्यावी आणि त्यांच्यातून एक सूचक व एक अनुमोदक ठरवून प्रस्ताव नगरसचिवांकडे लेखी जाईल, असे पाहावे. सभेची विषयपत्रिका आधी निघते. तिच्यात आपला विषय आला का, गोषवाऱ्यात प्रशासनाने काय लिहिले, हे तपासावे. ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’ असे आश्वासन मिळाले तर सावध व्हावे, कारण तिथे गोषवारा नसतो आणि चर्चाही होत नाही. सभेच्या दिवशी मंडळाच्या दहा बायका प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या असल्या की नगरसेवकाचा आवाज आपोआप चढतो. मी हे पाहिले आहे, आणि यात घोषणा एकही लागत नाही.

सभेनंतरचे काम सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. मागच्या सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होते. त्यात आपल्या विषयाचा ठराव क्रमांक, मंजुरीचे नेमके शब्द आणि ‘खर्च अमुक लेखाशीर्षातून’ ही ओळ आहे का, ते पाहावे. ही ओळ नसेल तर ठराव महाडच्या १९२४ च्या ठरावासारखा हवेत राहतो. शिवाय कायद्याच्या कलम ४५१ प्रमाणे राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकते. म्हणून ठरावाच्या प्रतीसोबत अंदाजपत्रकाचे पानही मंडळाच्या फायलीत हवे. अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायी समितीकडे आणि तिथून महासभेकडे जाते. वस्तीने डिसेंबरमध्येच मागणी केली तर तिला त्यात जागा मिळण्याची शक्यता असते. मार्चमध्ये गेलेले निवेदन बहुधा पुढच्या वर्षाच्या वाटेला लागते.

आज हे सांगण्याला तातडी आहे. जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ च्या उत्तरार्धात संपली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती, ठराव एका सहीने. त्या काळात निवेदन देण्यापलीकडे लोकांच्या हाती काही उरले नव्हते, आणि सवय जडली ती फोटोपुरत्या निवेदनाची. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले आणि दोन्ही शहरांना पुन्हा सभागृह मिळाले. नवे नगरसेवक पहिल्या वर्षी जे शिकतील, तेच पाच वर्षे करतील. वस्त्या त्यांना ठेकेदाराच्या आधी भेटल्या, वही आणि नकाशा घेऊन भेटल्या, तर त्यांना वस्तीच्या प्रश्नावर बोलायची सवय लागेल.

खानदेशातल्या वस्ती मंडळांनी, बचतगटांनी, दिव्यांगांच्या आणि फेरीवाल्यांच्या संघटनांनी, सफाई कामगारांच्या युनियननी या वर्षी तीन गोष्टी कराव्यात, असे मला मनापासून वाटते. प्रभाग समितीतल्या संस्थांच्या तीन जागांवर लेखी दावा सांगावा आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. क्षेत्रसभा घ्या, असा ठराव आपल्या नगरसेवकांना मांडायला लावावा. आणि येत्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी, दिव्यांगांसाठी, महिलांसाठी कायद्याने आणि आदेशाने किती रक्कम यायला हवी होती व किती आली, हे एका पानावर लिहून प्रत्येक नगरसेवकाच्या हाती द्यावे. शहराचा पैसा सर्वांचा आहे. तो कोणत्या गल्लीत गेला आणि कोणत्या गल्लीत गेला नाही, हे विचारण्याचा हक्क त्या गल्लीतल्या माणसाचा आहे. तो हक्क मिळवून द्यायला फुले बत्तीस जणांत एकटे उभे राहिले, महाडला माणसांनी मार खाल्ला. आपल्याला फक्त वही भरायची आहे, सभेला जायचे आहे आणि इतिवृत्ताची प्रत मागायची आहे. एवढेही आपण केले नाही, तर पुढच्या घरकुलाचा दोष केवळ सभागृहातल्यांच्या माथी मारता येणार नाही.